मोफत तपासलं, पुढचं कोण बघणार?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की गावाकडं मोफत दवाखाने, शिबिरं, मदतीची कामं करणाऱ्या ट्रस्टबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रांचा ढीगच आला. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं दिलेली नाहीत, बऱ्याच जणांनी स्वतःच तसं सांगितलंय आणि बरोबरच आहे, गावात राहायचंय सगळ्यांना.

प्रश्न – ताई नमस्कार. आमच्या गावात एका ट्रस्टचं वर्षातून दोनदा मोफत आरोग्य शिबिर असतं. आम्ही चार-पाच पोरं मांडव, खुर्च्या, पाण्याचे जार, सगळं बघतो. मागच्या वेळी माझ्या आजीला बीपी आणि शुगर दोन्ही निघालं, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या तशी आजी म्हणते आता बरं वाटतंय, पुढच्या शिबिरात बघू. पुढचं शिबिर सहा महिन्यांनी. मला कधीकधी वाटतं हे सगळं फोटोसाठीच चाललंय का, आम्ही उगाच राबतोय का? – बीड जिल्हा

उत्तर – अरे, तुझ्या आजीचं काही चुकलेलं नाही, तिला जेवढं दिलं तेवढं तिनं खाल्लं. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या म्हणजे आजार पंधरा दिवसांचा असंच कोणीही समजेल, तापाला खोकल्याला तसंच असतं ना. बीपी-शुगरचं तसं नाही, गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आहे, आणि बंद केल्यावर लगेच काही दुखत नाही हीच मोठी पंचाईत, कळतं ते एकदम लकवा मारल्यावर नाहीतर किडनीपर्यंत गेल्यावर. आधी एक काम कर, सहा महिने थांबू नको, याच आठवड्यात आजीला प्राथमिक आरोग्य केंद्रात, म्हणजे पीएचसीला, घेऊन जा, बीपी आणि शुगरच्या रोजच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात.

आता शिबिराचं. ते टेबल कसं चालतं हे तू पाहिलंच असशील. पहिल्या टेबलावर नाव, वय, वजन. दुसऱ्यावर बीपी, तिथला मुलगा ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो कारण मागं रांग उभी, आजीबाई उन्हातून चालत आलेल्या, बसून दोन मिनिटं पण झालेली नाहीत, मशीन दाखवतं एकशे सत्तर. खरंतर पाच मिनिटं शांत बसवून, उघड्या दंडावर, आणि जास्त निघालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला पाहिजे. तिसऱ्या टेबलावर डॉक्टर, दीड मिनिट. चौथ्यावर कागदाच्या पुडीत गोळ्या, पुडीवर पेनानं सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारलेल्या, गोळीचं नाव कुठंच नाही. आणि केस पेपर जातो ट्रस्टच्या फायलीत, वार्षिक अहवालात लाभार्थी मोजायला. आजीच्या हातात काय राहिलं? रिकामी पुडी. आता ती पीएचसीला गेली तरी तिथल्या डॉक्टरला कळणार कसं की काय चालू होतं, किती पॉवरचं होतं.

तरी मी शिबिरं बंद करा म्हणणार नाही, आजीचं बीपी निदान कळलं ते शिबिरामुळंच. पण तुम्ही पोरं राबता ना, मग तुमचं ऐकावं लागतं ट्रस्टला, मांडव कोण घालणार नाहीतर. त्यांना सांगा की केस पेपरची एक प्रत पेशंटच्या हातात द्या, त्यावर गोळीचं नाव वाचता येईल असं लिहा, आणि ज्यांना बीपी-शुगर निघालं त्यांची यादी, त्यांना विचारून, गावच्या आशाताईकडं आणि उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमकडं, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं, द्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरणं, त्यांना तपासणीला आणणं हे आशाताईचं कामच आहे, पण शिबिरात कोणाला काय निघालं हे तिला कोणी सांगतच नाही, ती बिचारी मांडवाच्या कडेला रांग लावत उभी असते. ट्रस्टनं जन्मभर गोळ्या पुरवायची गरजच नाही, सरकारी गोळीपर्यंत माणूस पोचवला तरी अर्धं काम झालं.

आणि हे काही मी हवेतलं बोलत नाहीये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. त्यांनी गावोगाव डॉक्टर बसवायच्या भानगडीत न पडता गावानं निवडलेल्या बायकांनाच आरोग्याचं शिकवलं, बऱ्याच जणी शाळेची पायरी न चढलेल्या, त्यातल्या कितीतरी दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, पोराचं वजन, कधी दवाखान्यात पाठवायचं, हे त्या बघायच्या, ठरलेल्या दिवशी जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत गावात. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिकडं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळ घरी जाऊन कसं बघायचं हे शिकवलं, बाळाचा श्वास मोजायचा, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखायचा. तिथं हजार जन्मांमागं ६२ नवजात बाळं दगावत होती, तो आकडा तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला, १९९९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात हे छापून आलं आणि २०११ पासून सरकारनं तेच काम देशभरातल्या आशांकडं दिलं. आज बाळ झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई दारात येते ना, ते यातूनच आलंय. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी बघ, काम करणारी बाई त्याच गावात राहणारी होती, ती गाडीत बसून निघून जाणार नव्हती.

मोतीबिंदूच्या शिबिराचं मात्र वेगळं बरं का. तिथं गावात फक्त तपासणी आणि ऑपरेशन थेट बेस हॉस्पिटलला नेऊन, हीच पद्धत बरोबर. शाळेत, मंगल कार्यालयात ऑपरेशन करतो म्हणणारा कोणी आला तर हाकलून द्या, असल्या शिबिरांत जंतुसंसर्गानं लोकांचे डोळे कायमचे गेलेले आहेत. आणि ऑपरेशननंतर पट्टी काढायला, आठवड्यानं आणि महिन्यानं परत कोण बघणार, गाडी येणार का, हे बसमध्ये चढायच्या आधी विचारायचं.

प्रश्न – आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलंय. शहरातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलला घेऊन गेलो, काउंटरवर म्हणाले आधी डिपॉझिट भरा, गरिबांचे बेड फुल्ल आहेत. पिवळं रेशनकार्ड दाखवलं तरी ऐकून घेतलं नाही. परत घरी आणलं आईला. आमच्या इथला एक जण म्हणतो तुमचा हक्क आहे तो, दुसरा म्हणतो ट्रस्टची मेहरबानी असते, दिली तर दिली. खरं काय? – नांदेड जिल्हा

उत्तर – पहिला जण बरोबर आहे. हक्क आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये ४१ एए नावाचं कलम आहे, त्यावरून मुंबई उच्च न्यायालयानं एक योजना घालून दिली आणि ती २००६ पासून लागू आहे. त्यात काय आहे ते नीट वाचा आणि जमलं तर हे पान कापून पिशवीत ठेवा.

धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, हॉस्पिटलनं १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी पूर्ण मोफत ठेवायचे आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. निर्धन म्हणजे सध्या ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आहे ते, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत, ही मर्यादा पूर्वी बरीच कमी होती, सरकार अधूनमधून वाढवतं. निर्धन पेशंटकडून डिपॉझिट मागायचंच नाही. दुर्बल गटाला निम्मं बिल भरावं लागतं. आणि हा पैसा हॉस्पिटल पदरचा घालतं असंही नाही, बाकीच्या पेशंटच्या बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची असते, निर्धन रुग्ण निधी म्हणतात त्याला, त्यातूनच गरिबांची औषधं, झडपेसारखं बसवायचं सामान, तपासण्या यांचा खर्च वळता होतो. तेव्हा कोणी उपकार केल्यासारखं तोंड केलं तर मनावर घ्यायचं नाही.

इमर्जन्सी असेल तर तर प्रश्नच नाही, आधी दाखल करून जीव वाचवायचे उपचार द्यायचे, कागद नंतर.

पण हक्क आहे म्हणजे काउंटरवर भांडून मिळतो असं नाही. मी स्वतः हॉस्पिटलात सोशल वर्करच्या टेबलामागं बरीच वर्षं बसलेय म्हणून सांगते, बिलिंग काउंटरवरच्या मुलाला योजनेतलं काही माहीत नसतं आणि त्याला त्यात इंटरेस्टही नसतो. तिथं भांडण्यात दुपार घालवू नका. थेट विचारा मेडिकल सोशल वर्कर कुठं बसतात. त्यांच्यासमोर रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ठेवायचा. हा दाखला हॉस्पिटलला जायच्या आधीच सेतूमधून काढून घ्या, मुलगा पेशंट सोडून दाखल्यासाठी गावाकडं पळतोय आणि इकडं ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली जातेय हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याचा राग आता दाखल्यावरच यायला लागलाय. बेड फुल्ल आहेत म्हणाले तर म्हणायचं, साहेब, हे कागदावर लिहून द्या, तारीख वेळ टाकून. बऱ्याचदा लिहायची वेळ आली की बेड निघतो. नाहीच निघाला आणि लिहूनही दिलं नाही तर तुम्ही स्वतः अर्ज लिहा, आवक शिक्का मारून पोच घ्या आणि त्या जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी तक्रारीला काही अर्थ नसतो.

अजून एक, आणि तुमच्या बाबतीत हे खरंतर आधी करायला पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. २०२४ च्या जुलैपासून ती सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कार्ड कुठल्या का रंगाचं असेना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि हृदयाची बरीच ऑपरेशनं तिच्यात बसतात. त्या योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, १५५३८८ वर फोन केला तर जवळचं कुठलं ते सांगतात. धर्मादाय कोटा त्याच्यानंतर, आणि तरीही कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधी. आईला घरी ठेवून वाट बघू नका, झडपेचं दुखणं थांबत नसतं.

प्रश्न – सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. वडिलांच्या स्मरणार्थ ट्रस्ट काढून गावात मोफत दवाखाना सुरू करायचा मानस आहे. रस्त्याला लागून वीस गुंठे जमीन आहे ती देतो, इमारतीसाठी फंडातले पैसे आहेत. विश्वस्त म्हणून मी, सौ., दोन मुलं, सून आणि भाऊ. काय प्रोसिजर असते आणि सरकारी अनुदान, कंपन्यांचा सीएसआर वगैरे किती मिळतो? – सातारा जिल्हा

उत्तर – गुरुजी, नमस्कार. प्रोसिजर सांगते पण आधी थोडं कडू बोलते, विद्यार्थिनी समजून माफ करा.

इमारत बांधणं हे या सगळ्यातलं सोपं काम आहे. पैसे असले की वर्षभरात उभी राहते, उद्घाटन होतं, वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात लागतं. अवघड काय, तर दर सोमवारी सकाळी नऊ वाजता तिथं डॉक्टर बसलेला असणं. पहिल्या वर्षी ओळखीचे डॉक्टर येतात, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, मग कुलूप. असे कुलूपबंद स्मृती दवाखाने रस्त्यांनी जाताना मी किती बघितलेत, फरशीवर शेळ्या बसलेल्या असतात. तुमचा फंड इमारतीत गेला की पगाराला काही उरत नाही, आणि देणगीदार इमारतीला देतात, पगाराला कोणी देत नाही हे पण ध्यानात घ्या.

म्हणून माझं ऐकाल तर दोन खोल्या भाड्यानं घ्या किंवा स्वतःच्या घराची ओसरी वापरा, आणि तो पैसा माणसांवर घाला. एक चांगली नर्स पगारावर ठेवा, एक गाडी ठेवा. गावाच्या आसपास पाच-सात गावांत अंथरुणाला खिळलेली किती माणसं आहेत ते आधी फिरून लिहून काढा, लकवा झालेली, कॅन्सरची, म्हातारी ज्यांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत. त्यांची जखम धुणं, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर बदलणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून घरच्यांना कूस बदलायला शिकवणं, डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा नेऊन आणणं, हे काम पीएचसी करू शकत नाही आणि प्रायव्हेट दवाखाना करत नाही. पीएचसी मुळात तीस हजार लोकसंख्येला एक असते, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजाराला, तिथला डॉक्टर घरोघर फिरणार कधी. तुमच्या गावात आधीच सरकारी उपकेंद्र असताना त्याच्या शेजारी आणखी एक सर्दी-खोकल्याची ओपीडी काढून कोणाचं भलं होणार.

आता प्रोसिजर. ट्रस्ट करायचा तर विश्वस्तपत्र करून धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, सोसायटी म्हणजे संस्था करायची तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात माणसं लागतात आणि आपल्याकडं तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. घटना लिहिताना दुसऱ्याची झेरॉक्स मारू नका, उद्देशात आरोग्य, शिक्षण, गोशाळा, क्रीडा, सगळं कोंबलेलं असतं आणि नंतर ऑडिटला त्रास होतो. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा, हे राहून गेलं की पुढची पिढी कोर्टात भेटते. दरवर्षी हिशोब सीएकडून तपासून कार्यालयात द्यायचे. इन्कम टॅक्सला १२-ए म्हणजे संस्थेची करमाफी आणि ८०-जी म्हणजे देणगीदाराची सूट, ही दोन्ही घ्या, ते सुरुवातीला तात्पुरतं मिळतं. मिळालेल्या पैशातला ८५ टक्के तरी उद्देशावर खर्च व्हायला लागतो, नाहीतर सूट जाते. बेड ठेवणार असाल तर नर्सिंग होमची नोंदणी, आणि सुई-कापूस फेकायचं म्हटलं तरी बायोमेडिकल वेस्टची परवानगी.

सीएसआरची आशा पहिल्या दिवसापासून धरू नका. नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना नफ्यातला २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावा लागतो, तोच सीएसआर, हे खरं, पण संस्थेला तीन वर्षांचा कामाचा अनुभव, १२-ए, ८०-जी आणि सीएसआर-१ फॉर्मची नोंदणी लागते. परदेशातला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तरी भाच्याचा पासपोर्ट कुठला ते बघा, तो तिकडचा नागरिक झाला असेल तर एफसीआरएशिवाय, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या सरकारी नोंदणीशिवाय, एक रुपया घ्यायचा नाही.

आणि सर्वांत नाजूक मुद्दा. सहाच्या सहा विश्वस्त घरचे. कायद्यानं चालतं, पण मग तो ट्रस्ट राहत नाही, घरचा कारभार होतो, आणि बाहेरचा माणूस देणगी देताना यादी वाचतोच. गावातली एक निवृत्त नर्सताई, एक बँकेतला माणूस, एक पलीकडच्या आळीतला तरुण घ्या. जमिनीचं पण घरात सगळ्यांना बसवून बोला, एकदा सातबारा ट्रस्टच्या नावावर झाला की ती जमीन विकायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, उद्या धाकट्याला वाटलं परत घेऊ तर होत नाही. सूनबाईंना तर जरूर विचारा, तुमच्यानंतर फायली त्याच सांभाळणार आहेत.

प्रश्न – आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात दहा रुपये केस पेपर लावावा की पूर्ण मोफत ठेवावं यावरून मीटिंगमध्ये वाद झाला. काही जण म्हणतात फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. – यवतमाळ जिल्हा

उत्तर – "फुकटची किंमत नसते" हे वाक्य नेहमी ज्याच्या खिशात दहा रुपये असतात तोच बोलतो. रोजंदारी बुडवून, जीपला भाडं देऊन आलेल्या बाईला तुमचं फुकट आधीच दोन-तीनशेला पडलेलं असतं.

पण दुसऱ्या बाजूनंही बघा. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं आसपासच्या गावांत जवार योजना चालवली, सुगीनंतर घरटी ज्वारी गोळा करायची, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त द्यायची, आणि त्यातून गावाचा आरोग्याचा विमा. तिथं लोकांनी दिलं कारण ते आपलंच वाटलं, गावानं बसून ठरवलं, आणि द्यायचं माप ऐपतीप्रमाणं होतं. दहा रुपये सरसकट लावणं ही वेगळी गोष्ट आहे. लावायचेच असतील तर खिडकीवर पाटी लावा की पैसे नसले तरी तपासणी होईल, आणि खिडकीवरच्या माणसाला ताकीद द्या की कारण विचारायचं नाही. त्या दहा रुपयांचा हिशोब महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहा. एवढं होणार नसेल तर मोफतच ठेवा, भांडण मिटलं.

प्रश्न – व्हॉट्सअॅपवर रोज कुठल्या ना कुठल्या पेशंटचा फोटो आणि क्यूआर कोड येतो. ट्रस्ट खरा की खोटा कसं ओळखायचं? ८०-जीची पावती देतो म्हणतात. – पुणे

उत्तर – नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्रातल्या संस्थेचा ई किंवा एफ अक्षरानं सुरू होणारा असतो, धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव ट्रस्टचं येतं का कुठल्या तरी दादाचं ते बघा, दादाचं आलं तर तिथंच थांबा. ८०-जीची सूट २ हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि तुम्ही नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर ती सूट तुम्हाला नाहीच, पावती कितीही सुंदर छापलेली असो. खरी संस्था वर्ष संपल्यावर १०-बीई नावाचं प्रमाणपत्र देते, ते देणार का हे आधी विचारा.

हे झालं कागदाचं. पण कागद पक्के असलेल्या संस्थाही काम करतात असं नाही. म्हणून मी एक आगाऊ प्रश्न विचारते, मागच्या वर्षी तपासलेल्या पेशंटपैकी यंदा किती जण परत तुमच्याकडं आले? किती तपासले हे सगळे पाठ म्हणून दाखवतात, परत किती आले यावर वही शोधायला लागतात. ज्यांच्याकडं ती वही असते त्यांना मी देते. पेशंटचा फोटो चेहरा दिसेल असा फिरवणाऱ्यांना नाही देत, पण तो माझा हेका समजा.

प्रश्न – घरात उरलेल्या गोळ्या गावच्या मोफत दवाखान्याला दिल्या तर चालतात का? – ठाणे

उत्तर – नका देऊ. अर्धी पट्टी कापलेली, एक्स्पायरीची तारीख नेमकी कापलेल्या भागावर, उन्हात कपाटात पडलेली, ती दवाखान्यानं कोणाला द्यायची? दवाखान्याला फोन करून विचारा काय कमी आहे, आणि बिल करून नवीन घेऊन द्या. बहुतेक वेळा औषध नाही, डिझेलचे पैसे कमी असतात.

प्रश्न – ताई, माझे मिस्टर वारल्यावर एका ट्रस्टनं मला शिलाई मशीन दिलं. स्टेजवर बोलावलं, नाव पुकारून विधवा भगिनी म्हणाले, हार घातलेल्या पाहुण्यांसोबत फोटो. माझा मुलगा सातवीत आहे, त्यानं तो फोटो पेपरात बघितला आणि दोन दिवस शाळेत गेला नाही. मशीन घरात पडून आहे, गावात आधीच चार जणी शिवतात, काम मिळत नाही. नाही म्हणता आलं नसतं का? आता परत द्यावं का? – बुलढाणा जिल्हा

उत्तर – परत कशाला द्यायचं, मशीन तुमचं आहे. नाही म्हणता आलं असतं का, तर बाई, घरात तेरावं होऊन महिना झालेला नसताना, दारात चार मोठी माणसं आल्यावर कोण नाही म्हणतं. मुलाला सांगा की मान खाली घालायची वेळ आपल्यावर नाही, ज्यांनी फोटो छापला त्यांच्यावर आहे. त्या ट्रस्टला पत्र लिहा, नाहीतर ज्या बाईंनी तुमचं नाव सुचवलं त्यांना सांगा, की तुमच्या अहवालात माझा फोटो नको. त्यांनी काढायलाच पाहिजे, आणि पुढच्या बाईचा तरी वाचेल.

आता पैशाचं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तुमच्याकडून कोणी भरून घेतला का? माझा अंदाज, नाही. तहसील कार्यालयात मिळतो, विधवा बायकांना महिना १५०० रुपये मिळतात, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, सोबत मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, मुलाच्या वयाचा पुरावा. मशीनची किंमत आणि हे पैसे मांडून बघा, सात-आठ महिन्यांत मशीन भरून निघतं आणि पुढं चालूच राहतं. ट्रस्टच्या कार्यकर्त्यानं तुमच्यासोबत दोन चकरा तहसीलला मारल्या असत्या तर स्टेजपेक्षा जास्त उपयोग झाला असता, पण तहसीलच्या रांगेचा फोटो चांगला येत नाही ना.

मशीनला काम आणायचं तर पाचवी शिवणारी होऊ नका. ब्लाउज-ड्रेसला चार जणी आहेत, मग तुम्ही पिशव्या, गोधड्या, फॉल-पिको, जुने कपडे आटवून देणं, असं त्या करत नाहीत ते धरा, आणि गावात सरकारच्या उमेद अभियानाचा बचत गट असेल तर त्यात नाव घाला, गटाला ऑर्डर मिळते तशी एकटीला मिळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन गणवेशाचं पण विचारून ठेवा, जून उजाडायच्या बरंच आधी. आणि ज्या ट्रस्टनं मशीन दिलं त्यांच्याच दवाखान्यात चादरी, उशांचे अभ्रे, पडदे लागत असतील, ते कुठून शिवून घेतात हे त्यांना सरळ विचारा.